तीनची पुडी

मे महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळी पावणेअकरा. दुकानात हजर: मी, बिलाच्या टेबलावर माझा दीर मल्लिनाथ, बाकावर निवृत्त मुख्याध्यापक गुरव सर, बी.पी. मोजून घ्यायला आलेले. आणि बाहेर पायरीवर टेकलेल्या राजमणीअक्का, वय चौसष्ट, बिडी कामगार.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. सोलापुरात भवानी पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे आणि मी तिथली फार्मासिस्ट. सव्वीस वर्षं काउंटरमागं उभी आहे. दुकानात काही वेगळं घडलं की मी आधी तारीख, वेळ आणि कोण कोण होतं ते लिहिते, मग बाकीचं. महिन्याभरानं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून ही सवय. त्याशिवाय माझी दुसरी वही आहे, कायमच्या औषधांची. ज्यांना शुगर, बी.पी., थायरॉइड यांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात त्यांची नावं, औषध, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख. पुढची तारीख उलटून चार दिवस झाले की मी फोन करते. लोक हसतात, पण फोन उचलतात.

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगणाऱ्या बाईंना विचित्र गिऱ्हाइकांचे किस्से हवे होते. ते आहेतच. आमच्याकडं सुताचे एक व्यापारी येतात, ते बी.पी.ची गोळी फक्त कोर्टाच्या तारखेला घेतात. तारीख पुढं ढकलली गेली की गोळीही पुढं. त्यांना मी दोन वर्षं समजावते आहे की ही गोळी डोकेदुखीसारखी लागेल तेव्हा घ्यायची नसते, ती रोज घेतली तरच दाब एका पातळीवर राहतो. ते म्हणतात, "मॅडम, एरवी मला काही होतच नाही की." खरं आहे. बी.पी. वाढल्यावर बहुतेकांना काहीच होत नाही. होतं तेव्हा एकदम होतं. गुरव सरांची तऱ्हा वेगळी. ते रोज नेमानं गोळी घेतात, फक्त मोजायला यायच्या दिवशी घेत नाहीत. खरा आकडा कळावा, म्हणून. हा माणूस पस्तीस वर्षं गणित शिकवत होता.

पण लिहायचं ठरवलं तेव्हा हे किस्से मागं पडले आणि राजमणीअक्का पुढं आल्या. त्यांच्या प्रकरणात विचित्र गिऱ्हाईक त्या नव्हत्या. चूक कुठं झाली ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

राजमणीअक्कांचं घर आमच्या दुकानामागच्या तिसऱ्या गल्लीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा यंत्रमागावर, सून पद्मा टॉवेल शिवायच्या कारखान्यात. अक्का वयाच्या बाराव्या वर्षापासून बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, बाजूला तंबाखू, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. दोन बायका बोलत असल्या, भांडत असल्या, तरी हात थांबत नाहीत. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधायचा, असे कट्टे कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथं चेकर बसलेला असतो. तो कट्टा हातात घेऊन बघतो आणि कमी भरला, सैल झाला, की बाजूला टाकतो. या बाजूला टाकलेल्या मालाला छाट म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी अक्कांना बी.पी. आणि शुगर दोन्ही निघालं. रोजच्या चार गोळ्या झाल्या: बी.पी.च्या दोन वेगवेगळ्या, शुगरची एक, कॅल्शियमची एक. पहिल्या वर्षी त्या हमखास विसरायच्या. कधी एकच घ्यायच्या, कधी काल घेतली का आज ते आठवायचं नाही. वाचता येत नव्हतं, त्यामुळं डबीवर लिहून उपयोग नव्हता. तेव्हा मी त्यांना सुचवलं, अक्का, तुम्ही दिवसाला एवढे कट्टे बांधता, मग आठवड्याच्या गोळ्यांच्या सात पुड्या बांधायला काय हरकत आहे? रविवारी बसायचं, सात पुड्या करायच्या, रोज सकाळच्या भाकरीनंतर एक सोडायची. पुडी शिल्लक दिसली तर गोळी राहिली. नाही दिसली तर झाली.

पुढच्या सोमवारी त्या दाखवायला आल्या. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांच्या सात पुड्या, एका मापाच्या, बिडीच्या दोऱ्यानं बांधलेल्या, गाठ सगळ्यांची एकाच बाजूला. उघडून बघितलं तर प्रत्येकीत बरोबर चार. मला इतका आनंद झाला की मी मल्लिनाथला बोलावून दाखवलं. गोळी पाकिटातून काढून ठेवली की तिला दमट हवा लागते, आणि तिची ओळखही जाते, हे मला माहीत होतं. पण न घेण्यापेक्षा हे बरं, असा हिशोब मी केला. अक्कांची गोळी पुन्हा चुकली नाही. मग मी ही युक्ती गल्लीतल्या इतर बायकांनाही सांगत सुटले. "राजमणीअक्कांकडून शिका," हे माझं वाक्य झालं होतं.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला अक्कांचं बी.पी. दोन गोळ्यांना दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी औषध बदललं. आधीच्या दोन्ही गोळ्यांमधली औषधं आणि वर तिसरं एक, अशी तिन्ही मिळून एकच गोळी दिली. अशा एकत्र गोळ्या आता खूप दिल्या जातात, आणि त्यात चूक काही नाही. एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन-तीन औषधं थोड्या थोड्या प्रमाणात दिली की काम चांगलं होतं आणि त्रासही कमी होतो. अक्कांच्या गोळीतली दोन औषधं रक्तवाहिन्या सैल ठेवणारी होती, तिसरं अंगातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढणारं. माणसाला एकच गोळी लक्षात ठेवायची असते, म्हणून तो चुकतही कमी. असं आम्ही समजतो.

एकत्र गोळी सुरू झाली की नेहमीची चूक कोणती होते ते मला पाठ आहे. लोक नवी गोळी सुरू करतात आणि जुन्याही चालू ठेवतात. घरात आहेत, वाया कशाला घालवायच्या. कधी दुसऱ्या दवाखान्यातून तीच औषधं वेगळ्या कंपनीच्या नावानं मिळतात आणि दोन्ही पाकिटं एकाच डब्यात जातात. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असं कुणालाही वाटेल. म्हणून माझा नियम आहे, एकत्र गोळी देताना जुनी पाकिटं घरून मागवायची. अक्कांनी आणली. साडेचार पाकिटं मी त्यांच्यासमोर बाजूला काढली आणि सांगितलं, ह्या दोन्ही बंद, आता त्यांच्याऐवजी रोज ही एकच. त्यांनी मान हलवली, मला "ही एकच" असं परत म्हणून दाखवलं. मी वहीत लाल पेननं खूण केली: जुनी औषधं परत घेतली, समजावून सांगितलं. मला वाटलं, काम झालं.

आता मंगळवारचं.

अक्का पायरीवर का टेकल्या आहेत ते मला आधी कळलं नाही. त्या एरवी थेट काउंटरपाशी येतात. पत्र्याच्या शटरला हात लावता येणार नाही असं ऊन होतं. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले तर म्हणाल्या,

"बाई, कंबरदुखीची एक गोळी द्या. लई न्हाय, एकच."

सकाळी मोरीतून उठताना डोळ्यांपुढं अंधार आला आणि त्या कमरेवर पडल्या, असं हळूहळू कळलं. आठवड्यात दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं.

बी.पी.च्या माणसानं दुखण्याची गोळी मागितली की मी लगेच देत नाही. काही वेदनाशामकं बी.पी. वाढवतात, आणि अक्कांच्यासारख्या एकत्र गोळीबरोबर घेतली तर मूत्रपिंडांवर सगळीकडून भार येतो. त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असेल, किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर विचारायलाच नको. म्हणून मी आधी त्यांना धरून आत आणलं आणि गुरव सरांना उठवून अक्कांना मशीनजवळ बसवलं. वरचा आकडा शहाऐंशी, शंभराच्याही खाली. दुसऱ्या हाताला लावलं, चौऱ्याऐंशी.

गुरव सर म्हणाले, "मशीन बिघडलं असेल. माझंही भलतंच जास्त दाखवलं मघाशी."

"तुमचं जास्त दाखवलं, कारण तुम्ही आज गोळी घेतली नाही," मी म्हटलं.

अक्कांच्या घोट्यावर सूज, बोट दाबलं तर खळगा राहिला. ओठ सुकलेले. मी विचारलं, आज काय काय घेतलं? त्या म्हणाल्या, रोजची पुडी. जुनी गोळी? ती तुमी घेतली की. दुसऱ्या डॉक्टरकडं? न्हाय. वैदू, काढा, शेजारणीची गोळी? न्हाय, न्हाय, न्हाय. माझ्या यादीतले सगळे प्रश्न संपले. तेव्हा त्यांनीच कनवटीची गाठ सोडून एक पुडी काढली. आजची घेतल्यावर उद्याची बरोबर ठेवायची त्यांची पद्धत होती, कुठं अडकलं तर असावी म्हणून.

मी दोरा सोडला. आत शुगरची एक, कॅल्शियमची एक, आणि नव्या एकत्र गोळ्या दोन.

"अक्का, ही दोन का?"

"चार पाहिजेत की."

"मी एकच सांगितली होती."

"तुमी एकच सांगितली. मी बांधायला बसले तर पुडी तीनची झाली." त्या माझ्याकडं, हिला कसं कळत नाही अशा नजरेनं बघत होत्या. "तीनची पुडी कशी बांधू? कमी भरते ना ती."

मल्लिनाथ उठून उभा राहिला. "वहिनी, रिक्षा बघतो," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

तीन औषधं, प्रत्येक दुप्पट, पाच आठवडे, आणि सोलापूरचा मे महिना. मी पांढऱ्या एप्रनमध्येच रिक्षात बसले. आमच्या पेठेतल्या डॉक्टरांनी बघून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्तातलं मीठ खूप उतरलं होतं, मूत्रपिंडांचे आकडेही चढलेले. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर त्या बेशुद्ध सापडल्या असत्या, असं तिथल्या डॉक्टरांनी पद्माला सांगितलं. हाड मोडलं नव्हतं. चार दिवसांनी घरी सोडलं.

मला कुणी रागावलं नाही. पद्मानं तर आभार मानले, वेळेवर ओळखलं म्हणून. त्या दिवशी दुकानात परत आल्यावर मी कायमच्या औषधांची वही उघडली. एप्रिलच्या सुरुवातीला अक्कांना तीस गोळ्या दिल्या होत्या. पुढची तारीख मे महिन्यातली. आणि एप्रिलच्याच मध्याला माझ्या अक्षरात नोंद होती: राजमणी, तीस गोळ्या. वेळेआधी आल्या. छान.

तीस गोळ्या पंधरा दिवसांत संपतात याचा अर्थ काय, हे कुणाही फार्मसीच्या विद्यार्थ्याला कळेल. मी उशीर झालेली नावं शोधण्यात इतकी पटाईत झाले होते की लवकर आलेलं नाव मला शिस्त वाटलं. मेच्या सुरुवातीला त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी नव्हते, मल्लिनाथनं गोळ्या दिल्या. वहीत मागचं पान बघून दिल्या. मागच्या पानावर "छान" लिहिलेलं होतं.

दहा-बारा दिवसांनी पद्मा कारखान्यातून परस्पर दुकानात आली. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी आता साधी एकत्र गोळी लिहून दिली होती, दोनच औषधांची. पाणी काढणारं औषध ऊन उतरेपर्यंत बंद. पण घरी आल्यापासून सासूबाईंनी कुठलीच गोळी तोंडात घातली नव्हती. शुगरचीसुद्धा नाही. पद्मा म्हणाली, "अत्तम्मा म्हणतात, गोळीनंच पाडलं, आता गोळी नको. काल मोजलं तर वरचा एकशे ब्याण्णव. मी बोलले तर जेवण सोडतात. तुम्ही एकदा याल का?"

गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. मी सकाळी गेले. जाताना कागदावर मुद्दे लिहून नेले होते: गोळी अचानक बंद केली तर काय होतं, दाब वर राहिला तर काय होतं, नव्या गोळीत काय वेगळं आहे. अक्का सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवायला सांगितला, पण हात थांबवले नाहीत.

मी पहिला मुद्दा सांगितला. त्यांनी ऐकला. दुसरा सांगितला. समोरच्या घरातल्या एका बाईंचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेला होता, त्यांचं नाव मी घेतलं. हात गेला तर बिडी गेली अक्का, असं म्हणाले.

"भीती घालू नका," त्या म्हणाल्या. "ती मला ठावं हाय. तिचं सूप मीच विकून दिलं."

मग पानाचा तुकडा कापला, तंबाखू भरला, वळला, दोरा बांधला. पंचविसावी झाली तेव्हा कट्टा बांधून त्यांनी सुपाच्या कडेला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"पन्नास वर्षं झाली, कट्टे बांधते मी. चोवीस निघाल्या तर चेकर कट्टा फेकतो. का कमी, ते विचारत न्हाय. सांगायला गेलं तर ऐकत न्हाय. तुमच्या तीन गोळ्या मांडल्या की माझा हात थांबतो. म्हणून मी चौथी घातली. ती घालून मी पडले. आता मला एक सांगा, ह्यात छाट कुणाची? माझी, का डॉक्टरची?"

मी मुद्द्यांचा कागद खाली ठेवला. डॉक्टरांनी नीट लिहून दिलं होतं. अक्कांनी पन्नास वर्षं जे शिकवलं गेलं तेच केलं होतं. आणि पुडी बांधायला त्यांना मी सांगितलं होतं.

"माझी," मी म्हणाले.

मग मी त्यांना वहीतलं सगळं सांगितलं. पंधराव्या दिवशी तुम्ही आलात, मी लिहून ठेवलं, आणि वाचलं नाही. नवी गोळी दिली त्या दिवशी माझ्यासमोर एक पुडी बांधून घ्यायला हवी होती. मी जुनी पाकिटं मोजत बसले. "छान" लिहिल्याचंही सांगितलं. पद्मा दारात उभी राहून ऐकत होती. तिला हे माहीत नव्हतं, आणि ते सांगताना मला तिच्याकडं बघवलं नाही.

अक्कांनी पुढच्या कट्ट्यासाठी पान उचललं. मग म्हणाल्या, "तुमी चेकर झाला असता तर लई चांगलं झालं असतं. आमचे सगळे कट्टे पास."

पद्मा हसली, आणि मग तिघीही.

पुढचं काम पाऊण तासाचं होतं. गोळ्या पाकिटातून काढायच्या नाहीत, हे पहिलं ठरलं. पद्मानं कात्रीनं एकेक गोळी तिच्या आवरणासकट कापायची, म्हणजे ती उघडी पडणार नाही. प्रत्येक औषधाचं एक पाकीट नाव दिसेल असं अख्खं ठेवायचं, शेवटी वापरायचं. डॉक्टरांचा कागद त्याच डब्यात. सकाळी उठताना आधी बसायचं, मग भिंत धरून उभं राहायचं. जुलाब-उलट्या झाल्या, खाणं-पाणी बंद पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कंबरदुखीला, गुडघेदुखीला कुठल्याही दुकानातून काहीही घ्यायचं नाही. एका गोळीत दोन औषधं आहेत, म्हणजे ती एक गोळी हे दोन गोळ्यांचं काम आहे. हे शेवटचं मी तीन वेळा सांगितलं.

त्यांना सगळं पटलं. पुडी मात्र तीनचीच होत होती. त्यांनी तीन तुकडे कागदावर मांडले, बघितले, परत मांडले. दोरा हातात घेतला आणि खाली ठेवला.

"एक खडीसाखर टाकू का?"

"शुगर आहे तुम्हाला, अक्का."

"मग फुटाणा."

मी विचार केला. फार्मसीच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही. पण फुटाण्यानं कुणाचं बी.पी. उतरत नाही. "एकच," मी म्हटलं, "आणि तो रोज चावून खायचा, म्हणजे पुडी पूर्ण." त्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी पुडी सोडली, दोन घोट पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या आणि फुटाणा तोंडात टाकला. तीन आठवड्यांनी वरचा आकडा एकशे चौतीस होता. नंतरही तो तिथंच फिरतो आहे. आता त्या लवकर आल्या तरी मी विचारते आणि उशिरा आल्या तरी विचारते.

मी उठले तेव्हा अक्का सहज म्हणाल्या, "मी एकटीच बांधते असं न्हाय. तुमीच सांगितलं होतं सगळ्यांना."

मी परत खाली बसले. त्यांनी बोटांवर नावं घेतली, मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली. अकरा बायका. सगळ्या बिडीवाल्या, सगळ्यांना बी.पी., सगळ्यांना पुडीची युक्ती मी शिकवलेली किंवा मी शिकवलेल्या कुणीतरी शिकवलेली. यातल्या कितीजणींच्या गोळ्या मधल्या काळात बदलल्या, दोनाची एक झाली, ते माझ्या वहीत अर्धवटच होतं, कारण सगळ्या काही आमच्याकडून औषध नेत नाहीत.

तेव्हापासून मी गुरुवारी फिरते. दुकानात पुडी दाखवायला बोलावलं तर बायका नवी नीटनेटकी बांधून आणतात, म्हणून घरीच जाते आणि डब्यातली काढून बघते. सात घरी सगळं ठीक निघालं. एकीच्या पुडीत नवऱ्याचीही गोळी होती; दोघं एक पुडी सोडून वाटून घेत होते, कुणाची कुठली ते रंगावरून. एकीनं अक्कांसारखीच भरती केली होती, पण कॅल्शियमनं, तेवढं नशीब. आणि एकीनं उलट केलं होतं. पुडी जड झाली म्हणून बी.पी.चीच काढून टाकली होती, बाकी सगळ्या नेमानं चालू. दहा झाल्या.

अकरावी लक्ष्मीअम्मा. वय सत्तरच्या पुढं, पुडी पाच गोळ्यांची. गेल्या हिवाळ्यात त्या बार्शीला लेकीकडं राहायला गेल्या. माझ्याकडं असलेला फोन बंद लागतो. शेजारीण सांगते, लेकीचं घर धान्य बाजाराच्या मागच्या बाजूला आहे, जावई हमाली करतो, त्याचं नाव विचारलं तर कुणीही दाखवेल. तीच शेजारीण गणपतीत त्यांना भेटून आली, तिनं सांगितलं की तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची मिळून एकच दिली आहे आणि अम्मा खूश आहेत. फक्त हल्ली जरा झोपूनच असतात.

दोन गुरुवार ठरवले होते. एकदा शुक्रवारच्या तपासणीसाठी दुकानातले हिशोब लावत बसले, एकदा सासूबाईंना ताप होता. बार्शीच्या एखाद्या दुकानदाराला फोन करून बघावं असंही वाटलं, पण त्याला मी काय सांगणार? कागदावरचं औषध तो बरोबरच देत असेल. मीही देत होते. अम्मांच्यासमोर बसून पुडी सोडायला हवी आणि दोन गोष्टी विचारायला हव्यात: हिच्यात किती गोळ्या आहेत, आणि तुमच्या मते किती असायला पाहिजेत. दुसरा प्रश्न मी सव्वीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

उद्या गुरुवार, सकाळी आठची बार्शीची गाडी आहे. कागद पर्समध्ये आहे, दहा नावांपुढं खूण आहे. लक्ष्मीअम्मांकडं जायचं अजून राहिलं आहे.